ह्यांच्या नावावरचं वाक्य

९ जानेवारी

काच फुटली! दुपारी तीनला, अंगणात उभ्या असलेल्या गाडीची. मी आत भाजी निवडत होते. आवाज आला तेव्हा वाटलं कपाट पडलं. लेक बाहेर धावली. मी उंबऱ्याशी थांबले — इद्दत. हे जाऊन एकेचाळीस दिवस झाले. विधवेने चार महिने दहा दिवस घरात राहायचं. राहते आहे.

वायपरखाली चिठ्ठी होती. 'तोंड रंगवून स्टेजवर मिरवणारी आमच्या मुली नेणार? गाडी काढून तर बघ.' लेकीने वाचली, घडी घातली.

"अक्षर बघ अम्मी. ह्यालाही शाळेची गरज आहे."

तिला हसू येतं. मला नाही येत.

१० जानेवारी

झोप नाही. नीट लिहून काढते, म्हणजे डोकं शांत होईल.

इथल्या शाळेत मुलींना आठवीपर्यंतच. पुढची शाळा पुलापलीकडे, पंधरा किलोमीटर. बावीस वर्षं ह्यांनी मुलींची गाडी चालवली. आयांचा भरवसा शाळेवर नव्हता, ह्यांच्यावर होता. 'गाडीवाले काका आहेत ना, मग जाऊ दे.' आता गाडी अंगणात आणि दहावीच्या अकरा मुली घरात. मुख्याध्यापिकाबाईंचा निरोप आलाय — वीस तारखेपर्यंत हजर झाल्या तरच परीक्षेला बसवणार. नाही तर वर्ष गेलं. मुलींचं एकदा वर्ष गेलं की शाळाच जाते.

लेक म्हणते, मी चालवते. मागच्या वर्षी देशाची सुंदरी म्हणून मुकुट मिळालेली माझी लेक! गावोगाव सभा घेते, मुलींना शिकवा, बायकांना त्यांचा हक्क द्या म्हणून सांगते.

"तिकडे टाळ्या घ्यायच्या आणि माझ्याच गल्लीत अकरा जणी भांडी घासणार? कोणत्या तोंडाने बोलू अम्मी?"

ते तोंडच तर लोकांना खुपतं. हे हिला कोण सांगणार?

१२ जानेवारी

मिस्तरी नवी काच बसवून गेला. लेक त्याच्याबरोबर गाडीखाली शिरली, नाकाला ग्रीस लावून बाहेर आली. तो म्हणाला, "ताई, तुमचा फोटो आहे माझ्या दुकानात. पण असा नाही."

"मग तो काढ आणि हा लाव."

मिस्तरी हसत होता. मी पडद्याआडून गल्लीत कोण थांबलंय ते बघत होते.

हे काय म्हणाले असते? स्पर्धेला हे शेवटच्या रांगेत बसले होते. घरी येऊन एवढंच बोलले, "चालताना घाई करते." पण तिचं मुकुटातलं चित्र छापून आलेलं वर्तमानपत्र ह्यांच्या गादीखाली सापडलं. परवा, गादी उन्हात घालताना.

१३ जानेवारी

तीन आया येऊन गेल्या. शिंपीण सगळ्यांत पुढे. तिची पोरगी वर्गात पहिली, गल्लीत सगळे तिला डॉक्टरीणच म्हणतात.

"भाभी, पोरगी घरात बसून माझं डोकं खाते. शिलाई शिकवली तर बाहीच्या जागी पाय शिवला! घेऊन जा बाई हिला." मग लेकीकडे वळून म्हणाली, "काकांची लेक म्हणजे काकाच."

सोमवारी गाडी निघणार. सगळ्या तयार. लेकीने मला गच्च मिठी मारली.

त्या गेल्यावर फोन वाजला. पुरुषाचा आवाज, अगदी शांत. "पुलावरचं वळण वाईट आहे. सांगा मुलीला." लेकीला सांगितलं. ती म्हणाली, पोलिसांत तक्रार देऊन ठेवते. दिली. त्यांनी लिहून घेतली. बस्स.

१५ जानेवारी

केलं.

लेक गाडी धूत होती. मी शिंपिणीला फोन लावला. म्हटलं, हे शेवटच्या आठवड्यात म्हणाले होते, ब्रेकचा भरवसा नाही, ह्या गाडीत पोरी बसवू नका. खोटं. हे असं काहीच म्हणाले नव्हते. ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंत भाभी."

इतर दहा घरी ती सांगेल.

एक गेलं. दुसरं जाऊ देणार नाही. अल्लाह, माफ कर.

१६ जानेवारी

सातला लेक गाडी घेऊन गेली. आठला परत. रिकामी.

"शिंपीण दार न उघडताच बोलली. अब्बा म्हणे ब्रेकबद्दल काही म्हणाले होते. तुला बोलले होते?"

"आठवत नाही," मी म्हटलं.

१७ जानेवारी

मिस्तरीने भर गल्लीत गाडी पळवली आणि सगळ्यांसमोर करकचून थांबवली. एकदा नाही, चारदा. शपथ घेतली. काही उपयोग नाही! पलीकडची म्हणाली, "मिस्तरी काय, आज एक बोलेल उद्या एक. काका मरता मरता सांगून गेले. मेल्या माणसाचा शब्द खाली पाडायचा का?"

आणि मग जे बोलली ते मी खिडकीतून ऐकलं. "म्हणजे काकांना ठाऊक होतं! तरी आमच्या पोरी त्याच गाडीत बसवत होते?"

बावीस वर्षं. एकदा कुणाला खरचटलं नाही. ह्यांचं नाव मी मातीत घातलं. माती अजून ओली असेल.

१८ जानेवारी

डॉक्टरीण आली होती. लेकीने दिलेली पुस्तकं परत करायला. "आपा, आता नकोत. अम्मी लग्नाचं बघते आहे." पंधरा वर्षांची आहे.

लेकीने पुढची सभा रद्द केली. स्पर्धेच्या आयोजकांना फोनवर म्हणाली, मुकुट दुसऱ्या कुणाला द्या. "माझी गल्ली माझं ऐकत नाही, देश काय ऐकणार?" मग खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

हेच हवं होतं ना मला? घरात, सुरक्षित. बघवत नाही.

मौलवीसाहेबांना फोन केला. इद्दतीत बाहेर पडता येतं का?

"दिवसा, गरजेपुरतं जाता येतं. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

ठाऊक होतं. सोयीचं होतं म्हणून विसरले होते.

१९ जानेवारी

सकाळी दहाला उंबरा ओलांडला. लेकीला सांगितलं नाही, धीर झाला नाही. प्रत्येक दारात तेच — हे तसं म्हणाले नव्हते. मी खोटं बोलले. भीतीने.

शिंपीण दार लोटून घेईल असं वाटलं. ती आत वळून ओरडली, "दप्तर कुठं टाकलंस गं?" दुसरीने पाणी विचारलं. तिसरी-चौथीने शिव्या दिल्या. पाचव्या दारात बोलून मागे वळले तर लेक उभी. सगळं ऐकलेलं.

सहाव्या दाराची कडी तिने वाजवली.