लागीं कोण आसा

आई, सध्या मी जे काम करते आहे ते आपल्या घरात तुझ्याइतकं कुणालाच समजलं नसतं, म्हणून तुलाच सांगते. एका इस्पितळासाठी आपोआप फोन लावणारी यंत्रणा मी लिहिते आहे. फोन लावायचं काम एक दूरची सेवा करते. आमच्या प्रोग्रामने तिला नंबर दिला की ती लावते, आणि पलीकडे कुणी उचलला की आमच्याकडे वळून विचारते, आता काय करू? प्रोग्राम सांगतो, हे वाक्य ऐकव, माणूस कुठला आकडा दाबतो त्याची वाट बघ, एक दाबला तर वॉर्डातल्या सिस्टरला जोडून दे, कुणी बोललंच नाही तर ठेव आणि थोड्या वेळाने परत लाव. वाजतोय, उचलला, बिझी आहे, संपला, हे सगळं ती आपणहून कळवत राहते. म्हणजे ती सेवा हा तुझा बोर्ड, आणि प्रोग्राम म्हणजे हेडफोन लावून त्याच्यासमोर बसलेली तू. मात्र पलीकडचा माणूस श्वास रोखून उभा आहे हे तुला कळायचं, तसं याला कळत नाही.

पेडण्याच्या एक्स्चेंजची ती खोली मला अजून दिसते. भिंतीला टेकून उभा लाकडी बोर्ड, त्यात भोकांच्या रांगा, खाली लोंबणाऱ्या जाड दोऱ्या. तू एका हाताने दोरी उचलून भोकात खुपसतेस, दुसऱ्या हाताने चिठ्ठीवर नंबर लिहितेस, आणि या सगळ्यात तुझा चहा निवून जातो. तेव्हा गावात फोन असायचा तो पसरकाराच्या दुकानात, एखादाच. मुंबईहून कॉल यायचा तो माणसाच्या नावाने. पसरकार त्या माणसाला घरून बोलावून आणायचा आणि तोवर तू लाइन धरून बसायचीस. वाईट बातमी असली तर तुला आधीच कळायची, कारण कॉल मागणारा रडतच तुला सांगायचा. अशा वेळी तू लगेच जोडायची नाहीस. त्या माणसाने रिसीव्हर हातात घेतला की आधी विचारायचीस, "लागीं कोण आसा?" जवळ कुणी नसेल तर पसरकाराला सांगून शेजारचं कुणी बोलावून घ्यायचीस, स्टूल द्यायला लावायचीस, आणि मग दोरी खुपसायचीस. असं कर म्हणून तुला वरून कुणी सांगितलेलं नव्हतं. लाइनवर तुझं ऐकून आजूबाजूच्या गावांतल्या बोर्डांवरचे ऑपरेटरही तसंच करू लागले.

बाबा मुळगावच्या खाणीवर फिटर होते, आठवड्याला घरी यायचे. राजभाषेच्या आंदोलनात रस्त्यांवर झाडं आडवी पडली, बस बंद झाल्या, आणि त्या आठवड्यात त्यांना येता आलं नाही. डिचोलीच्या बोर्डावरचा ऑपरेटर तुझ्या रोजच्या ओळखीचा. तुम्ही एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, पण थट्टा दिवसभर चालायची. आंदोलन पेटल्यापासून तो रोज सकाळी विचारायचा, बाय, आज खंयच्या भाशेन जोडूं? आणि तू म्हणायचीस, आदीं जोड तरी. त्या दुपारी त्याने थट्टा केली नाही. "बाय," तो म्हणाला, "तुज्या लागीं कोण आसा?"

हे तू मला एकदाच सांगितलंस, कितीतरी वर्षांनी, आदोळीवर बसून नारळ खवणताना. कामावरच बाबांच्या छातीत कळ आली होती. पण ते त्याने नंतर सांगितलं. त्याआधीच तुला कळलं होतं. रीत तुझीच होती, तो तुझ्याकडूनच शिकला होता, आणि त्याने ती तुझ्यासाठी मायेनेच वापरली. बोर्डावर त्या वेळी तू एकटी होतीस. "ताणें विचारलां, आनी मगे सांगपाक कांय उरलांच ना," एवढंच म्हणालीस. नारळाची वाटी आदोळीवर फिरत राहिली. मी ताटलीत पडणाऱ्या चवाकडे बघत बसले, कारण तुझ्याकडे बघायचा धीर झाला नाही. त्या दिवशी भाड्याने माणसं नेणाऱ्या एका पायलटने मोटरसायकलवरून, काजूच्या बागांमधून वाट काढत, तुला मुळगावला पोचवलं होतं. त्याने वाटेत एक शब्द विचारला नाही, हे मात्र तू दोनदा सांगितलंस.

तेरावा झाला, तू कामावर गेलीस, आणि तेव्हापासून सगळ्यांनाच विचारायला लागलीस. कुणाचं लग्न ठरलेलं असो, कुणाला नोकरी लागलेली असो, कुणाला नुसते काजूचे भाव हवे असोत. बोर्डावर माणूस आला की आधी तो प्रश्न. लोकांना गंमत वाटू लागली. एकजण म्हशीला घेऊन परस्पर दुकानावर आला होता. तू विचारलंस तर म्हणाला, लागीं म्हस आसा, चलतली? तू म्हणालीस, चलतली, दावां घट धरून उबो राव. त्याच्या भावाला बोटीवर काम लागल्याचा तो फोन होता. हसण्यापुढे मग टोमणेही आले. पेडण्याची बाय आदीं घरची माणसां मोजता, मगे लायन दिता, असं पसरकार म्हणायचा, आणि शाळेत मुली माझ्यासमोर त्याची नक्कल करायच्या. मी जेवताना तुझ्यावर चिडले. विचारलं, लोकांच्या घरात कशाला डोकावतेस? तू माझ्या ताटात आमटी वाढत म्हणालीस, "एकट्याक विचारलां तर ताका कळटा. सगळ्यांक विचारलां तर कोणाक कळना." मला वाटलं, तू मला उडवून लावते आहेस. बाबांबद्दलचं ते नारळाच्या वेळचं सांगणं अजून व्हायचं होतं.

पुढे आपलं वेगळं राज्य झालं, ऑटोमॅटिक एक्स्चेंज आलं, तुला बिलांच्या खिडकीवर बसवलं. लोक आपापले नंबर फिरवू लागले आणि मधला प्रश्न बंद पडला. मीही तो विसरले.

म्हणजे पुरता विसरले नव्हते. इस्पितळाचं काम घेतलं तेव्हा मीच सुचवलं, रुग्णाची प्रकृती बिघडली तर मशीनने बातमी सांगायची नाही. मशीनने फक्त फोन लावावा, तुमच्याजवळ कुणी आहे का एवढं विचारावं, आणि सिस्टरला जोडून द्यावं. कुणी नाही म्हटलं तर सिस्टरने आधी शेजाऱ्याला फोन करावा, त्याचा नंबर भरतीच्या वेळीच घेतलेला असतो. सगळ्यांना हे पटलं. रिपोर्ट तयार आहे, उद्या तपासणीला या, असल्या साध्या फोनांत हा प्रश्न आम्ही ठेवला नाही. गरजच काय होती?

मग चाचणी घेतली. नार्व्याची एक आया आहे तिथे, सगळ्या वॉर्डाला हसवणारी. आधी तिला साधे फोन गेले, तिने मशीनला दोन उलट उत्तरं दिली. मग तो गंभीर फोन गेला. प्रश्न ऐकताच ती बाकावर बसली. चाचणी आहे हे तिला ठाऊक होतं, आम्ही समोरच उभ्या होतो. "माझो घोव घराकडे निजलो आसा," ती म्हणाली, "तरी काळीज हाललां गो बाई." मग आपल्यालाच हसली आणि पाणी प्यायला उठून गेली.

मी तिथेच उभी राहिले, आणि तुझी आमटी वाढतानाची मान खाली घातलेली आकृती माझ्यासमोर आली. त्या डिचोलीच्या माणसाने तुला जे केलं तेच मी गावोगावच्या लोकांना करायला निघाले होते, तितक्याच मायेने. आणि ते होऊ नये म्हणून तू काय केलंस ते मला ताटावर सांगून ठेवलं होतंस.

यंत्रणा सोमवारी सुरू व्हायची होती. मी सगळे फोन उघडून प्रत्येकात तो प्रश्न घातला. व्यवस्थापक म्हणाले, अहो, रक्ताचा रिपोर्ट तयार आहे हे सांगताना जवळ कोण आहे कशाला विचारायचं? लोक हसतील. हसू देत, मी म्हटलं, पूर्वीही हसायचे. शेवटी ते म्हणाले, बरं, राहू दे तो प्रश्न.

यंत्रणा आता चालू आहे. लोक वैतागतात, क्वचित कुणी मशीनला शिवी घालतं. परवा एकाने सिस्टरला सांगितलं म्हणे, जवळ कुत्रा आहे, त्याच्यासाठी कुठला आकडा? मी ते ऐकलं आणि तुझी म्हस आठवून एकटीच हसले.

तू गेल्यावर हे पत्र काही कुठल्या पेटीत टाकायचं नाही, तेव्हा एक राहिलेलं सांगून टाकते. सुरू करण्याआधीची शेवटची चाचणी मी घरून, माझ्याच नंबरावर केली. दुपारची वेळ, घरात दुसरं कुणी नव्हतं. फोन वाजला, मी उचलला, आवाजाने विचारलं, तुमच्याजवळ आत्ता कुणी आहे का? असल्यास एक दाबा, नसल्यास दोन. चाचणी नीट व्हायची तर खरं तेच दाबायला हवं होतं. मी एक दाबला.