अण्णांना दाखवायचं ड्रॉइंग

१४ मे १९९९, शिराळा

कंपनीनं लॅपटॉपवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकल्यापासून बॅटरी अर्धा तासही टिकत नाही. आधी दोन तास सहज जायची. असं का होतं?

माझं लग्न ठरतंय, पण मुलाकडच्यांना माझी साताऱ्याची नोकरी नको आहे. म्हणून आज अण्णांना माझं काम दाखवायला बसले. घरात वीज नव्हती. मी काढलेलं पंपाचं ड्रॉइंग उघडलं आणि बॅटरी संपली. रडूच आलं.

अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे त्ये. तोंडानं सांग की."

सांगत गेले. तेही विचारत राहिले. बापलेकी इतकं कधी बोललोच नव्हतो का?

मग त्यांनी चपला घातल्या.

"कुठं निघालात?"

"फोन करून येतो. लेक नोकरी सोडणार न्हाई, सांगतो त्यास्नी."