चिमा काय कामाची

गुरुवार, १९ जानेवारी
ऑफिस, जेवणाची सुट्टी

प्रिय दादा,

नमस्कार. मी बरी आहे. तूही बरा असशील आणि वहिनीचा गुडघा आता कुरकुरत नसेल. चार वर्षांनी पत्र लिहिताना सुरुवात कुठून करतात ते मला ठाऊक नाही, म्हणून शाळेत शिकवली होती तशीच केली. तू पाठवलेलं खोकं मिळालं. त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी कामाचं. सध्या मुलांसाठी एक जाडजूड पुस्तक चाललंय, जगातल्या अजब गोष्टींचं. प्रुफं माझ्याकडे आहेतच, पण माहिती खरी की खोटी ते बघायचं लचांडही मालकांनी माझ्याच गळ्यात अडकवलंय. गेले दोन महिने मी आ वासून बसलेली असते. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात हे तुला माहीत असेल. पण तो पोहायला लागला की त्यातलं एक थांबतं, म्हणून तो बिचारा शक्यतो सरपटतच जातो, हे माहीत होतं? वॉम्बॅट नावाच्या प्राण्याच्या लेंड्या चौकोनी असतात, फाशांसारख्या. आमच्या चित्रकार बाईंनी त्या इतक्या मन लावून काढल्या की मालकांना ती मिठाई वाटली. हत्तीला जमिनीतून आलेला आवाज पायांनी कळतो. जुन्या सिनेमांत घोडे दौडतात तेव्हा कुणीतरी बंद खोलीत बसून करवंट्या आपटत असायचं. आणि चावी, बादली, इस्त्री, पगार, हे सगळे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आले. म्हणजे मी रोज सकाळी परक्या चावीने कुलूप लावते आणि परक्या पगारासाठी धावत सुटते.

प्रत्येक वेळी माझं एकच होतं. आधी समासात पेन्सिलीने ‘थाप’ लिहिते. मग तीन-चार ठिकाणी शोधते, आणि ‘थाप’ खोडून ‘खरं’ लिहिते. परवा मोजलं तर असं खोडणं तीसेक वेळा झालं होतं. मालक म्हणाले, बाई, तुमचा जगावर विश्वासच दिसत नाही. मी हसले, पण ते मला लागलं.

तुला आपला खेळ आठवला असेलच. जेवणं झाली की ओट्यापाशी उभं राहून एकाने काहीतरी अचाट सांगायचं आणि दुसऱ्याने ‘खरं’ की ‘थाप’ ते ओळखायचं. खऱ्याला जो थाप म्हणेल त्याने समोर उभं राहून हार कबूल करायची आणि आठवडाभर दुसऱ्याच्या वाटणीची भांडी घासायची. बाबा पंच. दिवसभर छापखान्यात शिशाची उलटी अक्षरं जुळवून आलेले असायचे, बोटं काळी ती काळीच. उलटं ते इतकं भरभर वाचायचे की मला ती जादूच वाटायची. तसंच त्यांनी एकदा मला उभं करून ‘चिमा काय कामाची’ हे वाक्य उलटं वाचून दाखवलं होतं. तेच्या तेच येतं. वेलांटी फक्त चुकते, आणि आयुष्यात तेवढ्या एकाच वेलांटीला बाबांनी माफी दिली. माझं नाव तेव्हापासून चिमा पडलं.

पुढचं तुला माहीत आहे, तरी मला लिहू दे. कॉम्प्युटर आले, बाबांचा छापखाना बंद पडला, आणि मी नेमकी अशा प्रकाशनात नोकरी धरली जिथे सगळं कॉम्प्युटरवर जुळवतात. बाबा जेवता जेवता थांबले. म्हणाले, “चुका पण उद्या मशीनच काढेल. मग चिमा काय कामाची?” लहानपणी मी शंभरदा हसले होते त्या वाक्याला. त्या दिवशी मी ताटावरून उठले, बॅग भरली आणि निघाले.

आता फोनचं. हेच टाळत होते इतका वेळ.

तुझा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात होते. तू म्हणालास, “बाबांचं आता काही खरं नाही, चिमा. तुझी पुस्तकं मागवून वाचत बसतात, पेन्सिल घेऊन. तू ये.”

मी म्हणाले, “थाप.” आणि फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात बाबा गेले. मी आले आणि चपलांपाशी उभी राहिले. तू पाणी दिलंस. मला त्या क्षणी कबूल करायला हवं होतं. तोंड उघडलं नाही. नंतर एकेक दिवस गेला तसं ते आणखी जड झालं, आणि बघता बघता चार वर्षं गेली.

खोकं मंगळवारी आलं. वर चिठ्ठी दिसेना, म्हणून न उघडताच दोन दिवस टेबलाखाली ठेवलं. आज सकाळी उघडलं. चौदा पुस्तकं, सगळी मी तपासलेली. ‘मुद्रितशोधन’ म्हणून मुंगीएवढ्या अक्षरांत माझं नाव असतं ना, चौदाही ठिकाणी त्याखाली पेन्सिलीची रेघ. चौदा पुस्तकांत मिळून नऊ चुका त्यांनी पकडल्यात. माझ्या नजरेतून सुटलेल्या, आणि मशीनच्याही.

शेवटच्या पुस्तकात तुझी चिठ्ठी सापडली. ‘खरं की थाप?’ एवढंच. त्याच पानावर बाबांचं अक्षर. ‘चिमा काय कामाची’ लिहिलंय, आणि त्यातल्या ‘काय’वर प्रुफात मारतात तशी शेपटीची काट मारलीय.

चिमा कामाची.

मग मला राहवलं नाही. मी ते उलटं वाचलं. दादा, तेच्या तेच येतं. वेलांटीच्या त्याच चुकीसकट. एक शब्द काढला तरी वाक्य दोन्हीकडून तसंच राहतं, हे एवढ्या वर्षांत ना तुझ्या लक्षात आलं ना माझ्या. आजारपणात पडल्या पडल्या बाबांनी ते शोधून ठेवलं. दोन महिने जगातली आश्चर्यं तपासतेय, पण अंगावर असा काटा एकदाही आला नाही. मी जेवणाचा डबा तसाच ठेवून रडले. चित्रकार बाई पाणी घेऊन आल्या. काय झालं म्हणाल्या, तर मी त्यांना वाक्य उलटं वाचून दाखवलं.

पत्रात हार मानलेली चालत नाही, समोर यावं लागतं, हा नियम तूच केलेला. रविवारी दुपारच्या बसने येते. आठवडाभराची रजा टाकलीय.

भांडी तशीच राहू दे.

तुझी हरलेली,
चिमा