बाबांचा डावा डोळा

५ फेब्रुवारी, गुरुवार
ओमती भागातल्या चष्म्याच्या दुकानात जाऊन आले. मालकांनी एका गिऱ्हाइकाचे डोळे तपासायला लावले. मी बारा मिनिटं घेतली. नंबर बरोबर निघाला, तेही मान्य करून राहिले होते. मग म्हणाले, "बेटा, इतनी देर में तो मैं चार को चश्मा पहना देता हूँ. चलो, खबर करेंगे."
हे चौथं "खबर करेंगे". आता वहीत नुसतं ख.क. लिहीन, शाई वाचेल. आजवर एकाचीही खबर आलेली नाही.
वाईट वाटलं. ऑटोत अधारतालपर्यंत वाटत राहिलं, घराच्या वळणावर संपलं. डोळे तपासण्याची डिग्री आहे, हात चांगला आहे. घ्यायचं नसेल तर नुकसान त्यांचं.
संध्याकाळी नेहमीप्रमाणे बाबांवर प्रॅक्टिस. स्वयंपाकघराच्या दारापासून बैठकीच्या भिंतीपर्यंत बरोबर सहा मीटर, म्हणून बाबांची खुर्ची दारात. भिंतीवर अक्षरांचा तक्ता. आधी उजवा डोळा, मग डावा. बाबांनी दोन्ही डोळ्यांनी शेवटच्या बारीक ओळीपर्यंत खडाखडा वाचलं. वय एकसष्ट. "परफेक्ट, बाबा." ते खूश, मी खूश. आई दारातून वाट काढत म्हणाली, "तुमचं झालं असेल तर मला कुकर लावू द्या."

९ फेब्रु.
नागपूरहून मामाचा फोन, स्पीकरवर. "काहून त्या चष्म्यांच्या मागे लागली बाई? बँकेचा फॉर्म भर, जिंदगी बनून जाईल."
मामा मनाने चांगला आहे. पण नंतर कळलं की आईने त्याला शब्दही देऊन टाकलाय: मार्चअखेर नोकरी लागली नाही तर मी बँकेच्या क्लासला. मला न विचारता. भांडले. आई म्हणाली, "तू नुसती घरात बसून राहिली तर मला झोप लागत नाही."
म्हणजे सात आठवडे उरले. पुष्कळ आहेत.

१३ फेब्रु., शुक्रवार
पाचवी मुलाखत, खाजगी दवाखाना. डॉक्टर मॅडमनी तीन पेशंट बघू दिले. शेवटी म्हणाल्या, "सबको एक ही तरीक़े से देखती हो. पहले दायाँ, फिर बायाँ. पहले पूछो तो सही, तकलीफ़ किस आँख में है. नहीं, अभी तुम तैयार नहीं हो."
ख.क. नाही, सरळ नाही. रस्त्यावर उभं राहून खोव्याची जिलेबी खाल्ली. रागात दोन प्लेट.
रात्री राग उतरल्यावर: बाई खरं बोलल्या. कॉलेजात सरही ओरडायचे की दुसऱ्या डोळ्याला ओळ उलटी वाचायला लावा, तक्ता बदला. मी म्हणायचे, कळतं हो मला.
उद्यापासून क्रम बदलायचा.

१७ फेब्रु.
क्रमाने लिहून ठेवते.
सकाळी आईने भिंत पुसली आणि तक्ता परत लावताना मागची बाजू पुढे केली. पुढे हिंदी अक्षरं असतात, मागे इंग्रजी. माझं लक्ष नव्हतं, मी भिंगांची पेटी लावत होते. क्रम बदलायचं चार दिवसांनी आठवलं. म्हटलं, "बाबा, आज डावा आधी." बाबांनी खुर्चीत टेकता टेकताच उजव्यावर तळहात ठेवला आणि सुरू केलं. र. मग ग, न. मग प, ल, ब. रोजच्याच चालीत, थेट खालपर्यंत.
मान वर केली तर भिंतीवर सगळं इंग्रजी.
"बाबा, समोर काय दिसतंय?"
बाबांनी हात न काढता मान पुढे केली. मग, "तक्ता आहे ना."
पुढे जाऊन बोटं धरली. डाव्या डोळ्याला तीन मीटरवरून बोटंसुद्धा मोजता येईनात. दिवाळीपासून धुकं आहे म्हणे. दिवाळीपासून! मी नोव्हेंबरपासून रोज तपासतेय. रोज उजवा आधी, रोज तोच तक्ता, उजव्याने बघून त्यांना पाठ झाला. आणि मी रोज परफेक्ट.
"सांगितलं काहून नाही?"
"तुला नोकरी लागून नाही राहिली. म्हटलं, घरचा एक पेशंट तरी बरोबर निघावा. तू किती खूश व्हायची."
मी न्हाणीघरात जाऊन रडले. नोकरीसाठी नाही रडले इतकी.

१९ फेब्रु.
सरकारी दवाखान्यात नेलं. डावा मोतीबिंदू, पिकलेला. ऑपरेशन होळीनंतर, डोळ्यात रंग जायला नको म्हणून. बरं होण्यासारखं आहे ना, असं दोनदा विचारून घेतलं.
तिथल्या ताईंनी विचारलं, "घर में कोई देखता नहीं था क्या?" बाबा पटकन म्हणाले, "नाही नाही, कोणी नाही." मला वाचवायला. मी म्हटलं, "मी बघत होते, दीदी."
येताना वाटत होतं, भरून टाकावा बँकेचा फॉर्म. ज्या मुलीला बापाचा डोळा कळला नाही. मग मेडिकलच्या दुकानासमोर थांबलेले असताना एक आजोबा कागद नाकाला लावून वाचत होते, आणि मी मनातल्या मनात त्यांचं निदान करत होते. खोड जाणारी नाही. मग बँकेत जाऊन काय करू?

२३ फेब्रु., सोमवार
सहावी. गावोगाव नेत्रशिबिरं घेणारी संस्था. समोर एक वयस्कर सर, चष्मा कपाळावर. "कोई ग़लती बताओ अपनी, जो किताब में न हो."
तयारी केलेलं उत्तर होतं: मी जास्तच मेहनत करते वगैरे. ते तोंडाशी आलं आणि बाबांचं सांगून बसले. सगळं, चालीसकट.
सर हसले नाहीत. वहीत काहीतरी लिहिलं. "रविवार को भेड़ाघाट में शिविर है. आ जाओ, देखते हैं."
ख.क. नाही हे! घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "माझं सांगितलं? सगळ्यांसमोर?" जरा रुसले. नंतर आईला म्हणताना ऐकलं, "माझ्या डोळ्यामुळे बोलावलं तिला."

१ मार्च, रविवार
भेडाघाट. शाळेच्या वर्गात शिबिर. रांगेत बरेचसे संगमरवर कोरणारे, बाह्यांवर पांढरी भुकटी. माझ्याकडे तक्ता, पुढे घरच्यासारखीच हिंदी अक्षरं, मागे आकडे. सर मागे खुर्चीत.
पहिल्या तिघांना वेळ लागला. अडखळले, डोळे बारीक केले. चौथे काका बसले आणि थेट खालपर्यंत, एका दमात. र. ग, न. प, ल, ब.
ती चाल. मी दाराकडे पाहिलं. रांग दारातच उभी होती, पुढच्याचं ऐकून पाठ करून येत होती. ज्याला वाचता येईल तो पास, नाही तर नापास, असं समजून.
तक्ता उलटवला. आकड्यांची बाजू. काकांना वरचा एकच आकडा दिसला, पुढे गप्प. मी म्हटलं, "काका, ये परीक्षा नहीं है. नहीं दिखता तो नहीं बोलो, तभी तो मैं कुछ कर पाऊँगी." ते खाली बघून म्हणाले, "मूर्ति की आँख हाथ से टटोल के बनाता हूँ, दो साल से." मोतीबिंदू, दोन्ही.
मग रांग बाहेर पाठवली, दार लावलं, दर माणसाला तक्ता बदलला. दुपारपर्यंत घसा बसला. वेळ? प्रत्येकी बारा मिनिटं. सर मागून एकदाही घाई कर म्हणाले नाहीत.
निघताना म्हणाले, "एक ही जगह है, दो लोग देखने हैं अभी. खबर करेंगे."
पाचवं ख.क. बसमध्ये हसू आलं. घेतील असं वाटतंय. नाही घेतलं तरी मार्च आख्खा पडलाय.
घरी बाबा आपणहून दारातल्या खुर्चीत बसले होते. ऑपरेशनला पाच दिवस. मी तक्त्याची इंग्रजी बाजू लावली. "बाबा, डावा. अन् खरं सांगायचं."
बराच वेळ बघत राहिले. आई कुकर घेऊन दारात थांबली.
"नाही दिसून राहिलं, बेटा. एकही नाही."
वहीत तसंच लिहिलं, तारीख घालून. बाबांना विचारलं, "आता उजवा?"