उपाशी लिव्हर हवंय

३ मार्च
डॉप्लर सोनोग्राफी शिकायला रमजानसारखा सीझन नाही! लिव्हरकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेतलं रक्त मोजायचं तर माणूस उपाशी हवा — आणि सध्या अख्खं कोकंद शहर उपाशी! माझ्या सीनियर मुनव्वर ओपा म्हणाल्या, "एक तरी निरोगी, उपाशी लिव्हर नीट मोजून दाखव. मग मशीनवर एकटी बस."
एवढंच? किती सोप्पं!

५ मार्च
सोप्पं नाहीये.
वॉर्डमधले मदतनीस गायरत अका सगळ्यांना रोज्यावर लेक्चर देतात. आज तेच टेबलावर झोपले. उपाशी माणसाची पित्ताची पिशवी टम्म असते. यांची पार आकसलेली, आणि पोट गच्च!
"अका, काय खाल्लंत?"
"तौबा! थुंकीसुद्धा गिळली नाहीये!"
"मशीन म्हणतंय, सामसा."
"मशीन परदेशी आहे. त्याला रोजा काय कळणार!"

६ मार्च
हिशेबखात्यातल्या बाई — तेच. स्वयंपाकी — तो म्हणे फक्त चव बघतो. आता मी दिसले की लोक जिना बदलतात.

९ मार्च
अरे, घरात बाबा आहेत की! आमच्याकडे सगळ्यात कडक रोजे त्यांचे. पण यायलाच तयार नाहीत.
"माझी दाढ दुखतेय."
"लिव्हरला दाढ नसते, बाबा!"
शेवटी आई म्हणाली, "जा हो, पोरीचं काम होईल." कुरकुरत हो म्हणाले.

१० मार्च
पिशवी आकसलेली! बाबासुद्धा!! इतकं हसू आलं की प्रोब हातातून निसटला.
"आईला सांगू नकोस," हळूच म्हणाले.
"लाच काय देणार?"
"हलवा."
मग शीर पाहिली. लाल दिसायला हवी. निळी! रंगांचं बटण उलटं झालं असणार — तपासलं. बरोबर होतं. परत मोजलं. परत निळी. लिव्हरकडे जायचं रक्त मागे फिरत होतं. लिव्हर फार खराब झालं की असं होतं.
"काय गं, काय दिसतंय?"
"जेल कमी पडलंय," म्हटलं. आणि पुसत बसले.

११ मार्च
नाव झाकून ओपांना फोटो दाखवले. त्यांनी नाव विचारलंच नाही. म्हणाल्या, "रोजे धरू नका असं मीच सांगितलंय त्यांना. मागच्या वर्षी. तुम्हा दोघींना कळू द्यायचं नाही म्हणाले."
मग मशीनसमोरची खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बरोबर मोजलंस. उद्यापासून एकटी बस."