अक्काचा अठ्ठावीस

बेलापूर, बुधवार, १२ फेब्रुवारी १९४७

अक्काला जाऊन आज महिना झाला. माझी थोरली बहीण, विधवा होऊन माझ्याकडे आली. शाळेत कधी गेली नाही. पाढे मात्र औटकीपर्यंत, म्हणजे साडेतीनच्या पाढ्यापर्यंत, तोंडपाठ.

गेल्या उन्हाळ्यात मी जेवत असताना तिनं पाटाशेजारी चिंचोके मांडले. "भाऊ, लई गंमत हाय बघ. अठ्ठावीस चिंचोक्यांचे सारखे वाटे एक, दोन, चार, सात न् चौदाचेच पडत्यात. आता त्यांची बेरीज कर. पुन्हा अठ्ठावीसच! सहाचंबी तसंच हाय. मधल्या कुनाचंच न्हाई, समदे मांडून बघितले मी."

मी घास न थांबवता म्हणालो, "अगं, हे ग्रीकांना दोन हजार वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. पुस्तकात आहे."

"मंग मी उगाच मांडत बसले व्हय?"

मी ताटावरून उठलो. सभेला उशीर होत होता. तिनं चिंचोके गोळा केले, ते पुन्हा कधी माझ्यासमोर मांडले नाहीत. उगाच? पुस्तकाशिवाय, गुरूशिवाय, एकटीनं शोधलं तिनं! मी कपाटभर वाचलं. स्वतः काय शोधलं?

आज स्त्रीशिक्षणाच्या सभेत अक्काचा अठ्ठावीस सांगितला. कसा सांगितला! बायका पदरानं डोळे पुसत होत्या. हिला शाळा मिळाली असती तर, असा गरजलो. मी तिला काय म्हणालो होतो, ते मात्र गाळलं. ओठांवर आलं होतं, गिळलं.

टाळ्या थांबेनात. मी हात जोडून त्या घेतल्या.