सिनेमात न वाजलेलं गाणं

बाबा, ते गाणं सिनेमात आहे. अगदी शेवटी आहे, दादा सांगत होता तिथंच. तुम्ही असता तर पहिला प्रश्न विचारला असता, कोणी सांगितलं? कोणी सांगितलं नाही, मी माझ्या कानांनी ऐकलं. आणि खरं सांगते, ऐकल्यावर मलाही आधी हेच वाटलं की हे कोणीतरी मागाहून चिकटवलं असणार. तुमचीच मुलगी आहे मी. भाजीवाल्यानं तराजू धरला की मी भाजीकडे बघत नाही, त्याच्या करंगळीकडे बघते. घरातले हसतात. हसू देत, माझं बालपण नाक्यावर गेलं आहे.

गोंडपिपरीच्या रस्त्यावरचा आपला जंगलखात्याचा नाका आठवतो. रस्त्यावर आडवा बांबू, त्याच्या एका टोकाला बांधलेला दगड, बाजूला तुमची चौकी आणि मागे आपलं क्वार्टर. सागवानाचा ट्रक थांबला की ड्रायव्हर आधी बोलायला लागायचा आणि तुम्ही त्याच्याकडे ढुंकूनही न बघता ओंडक्यांची तोंडं तपासायला लागायचात. प्रत्येक ओंडक्यावर डेपोच्या हातोड्याचा शिक्का पाहिजे. शिक्का नाही तो माल चोरीचा, मग ड्रायव्हर कितीही साळसूद असो. एखादा म्हणायचा, मालाचा सरकारी पास मागून येणाऱ्या ट्रकात आहे. तुम्ही म्हणायचे, "मंग तो ट्रक येऊ दे, तवर तू इथीच बस." मागचा ट्रक कधी आलेला मी पाहिला नाही. घरातही तुम्ही तसेच होता. शाळेतून उशिरा आले तर तुम्ही रागवायचे नाहीत, फक्त विचारत जायचे, आणि शेवटी माझंच मला खोटं वाटायला लागायचं.

दादा वरंगलला एका टॉकीजमध्ये ऑपरेटरच्या हाताखाली लागला, त्या वेळी मी नववीत होते. त्या वर्षांत गोदावरीच्या पलीकडून नक्षलवाद्यांची माणसं आपल्या जंगलात येत होती, आणि आपल्याकडची काही तरणी पोरं घरातून नाहीशी होत होती. ती आत गेली, एवढंच लोक म्हणायचे, हळू आवाजात. चौकीवर येऊन पोलीस तुमच्याशी चहा पीत बोलायचे, तुमचा मोठा कुठं असतो म्हणून सहज विचारायचे. ते सहज नव्हतं हे मलाही कळायचं. सरकारी नोकराचा मुलगा आत गेला तर नोकरीचं काय होईल, हे नंतरचं. मुलाचं काय होईल, त्या विचारानं तुम्हाला आतून पोखरलं होतं. पण तुमची भीती कधी भीतीसारखी बाहेर आली नाही, ती चौकशी होऊनच बाहेर यायची.

अशात बुद्धपौर्णिमेला दादा घरी आला तो अहेरीकडच्या, जंगलातून येणाऱ्या बसनं. बांबूपाशी बस थांबली आणि तो उतरला, तेव्हा तुमचा चेहरा आधी उजळला आणि मग लगेच बदलला. आईनं त्याच्यासाठी पाटवड्यांचा रस्सा टाकला होता. तो चुलीपाशी बसलेला, आणि तुम्ही दारात उभे.

"वरंगलची गाडी सीधी बल्लारशाले येते. तू अहेरीकडून काऊन आला?"

"सिरोंच्याचा दोस्त होता संग, बाबा. त्याच्या घरी थांबलो एक दिवस."

"नदी कशी पार केली?"

"डोंग्यानं. सारेच जाते डोंग्यानं."

तुम्ही मान हलवली. मान हलवणं म्हणजे पटणं नव्हे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तेवढ्यात दादानं पिशवीतून ती कॅसेट काढून माझ्या हातात दिली. इंग्रजी मारधाडीच्या सिनेमाची कॅसेट. वेष्टनावर घामानं निथळणारा हिरो, हातात बंदूक, मागे आग आणि हेलिकॉप्टर. सिनेमा त्याच्या टॉकीजला लागून गेला होता. आपल्या टेपवर लावली तर नुसता गिटारचा आणि ड्रमचा दणका, आई म्हणाली पत्र्यावर कोणी दगड टाकून राह्यलं का. दर गाण्याला वेगळा बँड, वेगळा गळा. तुम्ही वेष्टन हातात घेऊन खालीवर केलंत. एका पिक्चरात इतके गाणारे? आणि बाई एकही नाही? हा बंदूकवाला गातो कधी, मारामारी करतो कधी?

दादा हसला. "तो गातच नाई बाबा. गाणे मांगं वाजते. हे शेवटलं आयका, हे सगळ्यात भारी. पिच्चर सरते तवा वाजते. मी रोज आयकतो." शेवटचं गाणं खरंच वेगळं होतं. सुरुवातीला एकटीच गिटार, सावकाश, आणि मग माणूस गायला लागतो तो थकल्यासारखा. शब्द कळत नव्हते, तरी मला ते पहिल्याच दिवशी आवडलं. दादा परत गेल्यावर मी ती कॅसेट इतकी वाजवली की गाण्यांचा क्रम मला तोंडपाठ झाला.

पुढे तोच सिनेमा चंद्रपूरला लागला. तुम्ही रजा टाकली आणि मला म्हणालात, चाल. आयुष्यात कधी इंग्रजी सिनेमा न पाहिलेला माणूस मुलीला घेऊन मारधाडीच्या सिनेमाला निघतो आहे, याचा मला केवढा आनंद झाला होता. बसमध्ये कळलं की दादा खरंच टॉकीजमध्ये असतो का हे तुम्हाला तपासायचं आहे, आणि मी साक्षीदार आहे. गाणं वाजलं की मी तुमच्या हाताला स्पर्श करायचा. अंधारात तुम्ही पडद्याकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होता. एक गाणं दारूच्या गुत्त्यात वाजलं, दोन ओळी. एक कुणाच्या मोटारीच्या रेडिओवर, तेही दार आपटताच तुटलं. असं करत करत जवळजवळ सगळी सापडली आणि तुमची मान थोडी सैल झाली, मला दिसत होतं. तुम्हालाही ते गाणं वाजायलाच हवं होतं. मग शेवटची आग झाली, हिरो धुरातून चालत लांब गेला, आणि फट्‌कन दिवे लागले. दारं उघडली, लोक सायकल स्टँडकडे धावले. आपण दोघं बसून राहिलो. झाडूवाली बाई रांगांमधून येत येत आपल्यापाशी थांबली आणि म्हणाली, "सरलं ना भाऊ, उठा."

"वाजलं का?" तुम्ही मला विचारलं. मी नाही म्हणाले. तेच खरं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत दादा पुन्हा आला. या वेळी बल्लारशाहून आला, पण आता त्याचा उपयोग नव्हता. त्याला पाणीसुद्धा पिऊ न देता तुम्ही विचारलंत.

"ते शेवटलं गाणं कुठी वाजते?"

"पिच्चर सरल्यावर. पांढरी नावं येते ना खालून वर, तवा."

"पिच्चर सरलं म्हंजे सरलं. आमी बसून होतो. नावं गिवं काई आली नाई."

"बंद केली असंन त्यायनं. सारेच ऑपरेटर बंद करते. आमचा मालकबी बंद कर म्हणते, पण मी चालू ठेवतो. हॉल झाडून होईपर्यंत चालू देतो."

पास मागच्या ट्रकात आहे. तुम्ही बोलला नाहीत, पण मला ते तुमच्या तोंडावर दिसलं. तुम्ही त्याची पिशवी खाटेवर पालथी केली. लुंगी, शर्ट, दाढीचं सामान, आणि माझ्यासाठी आणलेले रिळाचे कापलेले तुकडे. तुम्ही एक तुकडा उजेडाकडे धरला, पाहिलात, आणि म्हणालात, "हे तं कुठीबी भेटते." दादा जेवला, ताट घासून ठेवलं, आईच्या पाया पडला आणि दुपारच्या बसमध्ये जाऊन बसला. बस नाक्यावर थांबली. टपावर चढून तुम्ही सामान पाहिलं, इतर बसचं पाहायचात तसंच. मग खाली उतरून स्वतःच्या हातानं बांबू वर केला.

तो परत आला तो तुम्ही गेल्यावर, दुसऱ्या दिवशी. तोवर सगळ्यांना कळून चुकलं होतं की तो कुठंही आत गेला नव्हता, वरंगललाच होता. तिथंच संसार केला, मुलं तेलुगू बोलतात. तुम्हालाही ते कळलं होतं, आई सांगायची. मग बोलावलं का नाही, बाबा? चौकशी करायला तुम्हाला कधी शब्द कमी पडले नाहीत. ये, एवढं म्हणायला काय जड होतं? याचा मला अजून राग येतो.

परवा तो सिनेमा माझ्या लेकीनं घरी लावला. शेवटी हिरो धुरातून गेला आणि मी सवयीनं उठायला लागले. ती म्हणाली, बस ना, अजून आहे. काळ्या पडद्यावर पांढरी नावं खालून वर यायला लागली, आणि एकटी गिटार वाजली. मी दादाला फोन केला. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुले आता पटलं?"

पण त्याला एक गोष्ट मी सांगितली नाही, ती तुम्हाला सांगते. दादा गेल्यानंतर ती कॅसेट घरातून नाहीशी झाली होती. तुम्ही ती फेकली असंच मी धरून चालले होते. तुम्ही गेल्यावर चौकीवरचं तुमचं सामान आलं, त्यात रेडिओ-टेप होता आणि आत तीच कॅसेट, दुसऱ्या बाजूला, अगदी शेवटाला येऊन थांबलेली. आता कोणतीही कॅसेट लावून दिली की शेवटालाच थांबते, हे मला कळतं. कोणी चाचणीसाठी लावली असेल. तुम्ही झोपून गेला असाल आणि ती आपोआप संपली असेल. इतकी वर्षं मी हेच म्हणत आले.

आज तसं म्हणत नाही. मी असं धरते की तुम्ही ते शेवटचं गाणं ऐकत होता, नाक्यावर बसून, पुन्हा पुन्हा. त्यावर कुठलाही शिक्का नाही, बाबा. तरी जाऊ देते.